चाळणीवाला कोट

९ नोव्हेंबर, रविवार

टाचणी,

चार ठिकाणी ब्लॉक केलंस. फोन, मेसेज, फोटोंचं ते, आणि नोट्स टाकायला आपण केलेला तो कॉलेजचा ग्रुप, ज्यात गेली दोन वर्षं कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं, त्यातूनही मला काढलंस. मी शिक्षण अर्धवट सोडलं तेव्हा कॉलेजनंसुद्धा माझं नाव इतक्या झटपट काढलं नव्हतं. आता पोस्टमनला ब्लॉक करून दाखव.

पत्ता तूच दिलेला आहेस. ऑगस्टमध्ये नोकरीसाठी गेलीस, छत्री आमच्या दुकानात विसरलीस, ती पाठवायला. छत्री पाठवली. पत्त्याची चिठ्ठी ठेवून घेतली.

मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो. ती मागून झाली. सप्टेंबरात फोनवर तू आठ मिनिटं बोललीस आणि मी दोनदा सॉरी म्हणालो. दुसरं तू ऐकलं नाहीस, कारण तोवर फोन ठेवला होतास.

मला फक्त माझी बाजू सांगायची आहे. तू म्हणालीस, 'तुला सांगितलं होतं, पप्पांच्या कोटाचं कुणाला बोलू नकोस.' मी कुणाला बोललो? नाव घेतलं? चेहरा दाखवला? बाबा रफू करतात, त्याचे व्हिडिओ मी टाकतो, त्यांत एक कोट दाखवला. काळे कोट जगात काय कमी आहेत? बटणाचं म्हणशील, तर हो, ते दाखवलं. तीन काळी आणि एक तपकिरी. तू नऊ वर्षांची असताना स्वतः लावलेलं, दोरा भलत्याच रंगाचा, आणि काकांनी ते आजतागायत बदललं नाही. मला ते इतकं आवडलं की मी कॅमेरा अगदी जवळ नेला. आवडलं म्हणून नेला गं! हे तरी लक्षात घे.

पुढचं मला कसं कळणार होतं? काका त्या बुधवारी नोकरीच्या मुलाखतीला जातात काय, समोर तीन पोरं बसलेली असतात काय, त्यातलं एक बटणाकडे बघून म्हणतं काय, 'सर, हा तो चाळणीवाला कोट का?' आणि तिघंही खो खो हसतात. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. तू सांगितलंस, काकाही त्यांच्याबरोबर हसले. 'पप्पा हसले रे भडक्या, तेच मला सहन होत नाहीये.' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी इस्त्री तापवतो आणि ते ऐकू येतं. मी दुकानाचं शटर वर करतो आणि ते ऐकू येतं.

पण तुझा मेसेज मला वेळेवर दिसला नाही, टाचणी. व्हिडिओ टाकला त्या रविवारी फोन नुसता थरथरत होता, एवढ्या गर्दीत काय दिसणार?

व्हिडिओचं मी बघतोय काय करायचं ते.

भडका


१२ नोव्हेंबर, बुधवार

टाचणी,

पहिलं पत्र पोचलं की नाही माहीत नाही. पोचलं असेल तर फाडलंही असशील. फाड. फाटलेल्याचं काय करायचं ते आमच्या घराण्यात माहीत आहे.

तू दुकान शेवटचं पाहिलंस त्यानंतर खूप बदललंय, ते सांगतो. तुला आठवतं, आधी आठवड्याला दोन-तीन कपडे यायचे? लोक म्हणायचे, एवढ्यात तर नवीन येतं. बाबा सकाळी इस्त्री पुसायचे, दुपारी परत पुसायचे. शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, 'रफूशेठ, त्या इस्त्रीलाच भोक पडेल हो पुसून पुसून.' मी त्या प्राध्यापकाशी भांडून कॉलेज सोडून घरी बसलो, तेव्हा बाबांनी मला ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, 'ये, बस. इथंही कुणी येत नाही.'

म्हणून मी ते अकाउंट काढलं. 'फाटलंय? आणा!' हे नाव तुझंच. तूच हसत हसत सुचवलंस, विसरू नकोस.

आता सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर माणसं बसलेली असतात. मागच्या आठवड्यात एक बाई चार तास प्रवास करून आली, नवऱ्याचा स्वेटर घेऊन. नवरा गेल्याला सहा वर्षं. कोपरावर भोक. तिनं बाबांचे हात व्हिडिओत पाहिले आणि तिला वाटलं, हा माणूस करेल. स्वेटर परत घेताना ती कोपर शोधत राहिली, सापडलं नाही, तेव्हा ती स्वेटरमध्येच तोंड खुपसून बसली. बाबा पाणी आणायला म्हणून आत गेले ते दहा मिनिटं बाहेर आलेच नाहीत. आता मला सांग, हे वाईट झालं का? मी घरोघर पत्रकं वाटली असती, तर त्या गावापर्यंत गेलो असतो? जन्मात नाही.

हे एक झालं. तू विचारशीलच, दुसरं काय. तुला गोष्टीची मागची बाजू उलटून बघायची सवय आहे, म्हणून सांगतो.

लोकांना उद्या हवं असतं. बाबा म्हणतात दहा दिवस, तर लोक म्हणतात व्हिडिओत तर चाळीस सेकंदांत होतं. एकानं खरंच असं म्हटलं, आणि वर एकच तारा देऊन गेला, 'आजोबा संथ आहेत.' मी त्याला उत्तरात जे लिहिलं ते तुला लिहीत नाही. त्यावरून आणखी अकरा जणांनी एकेक तारा दिला, ज्यांनी आमचं दुकान कधी पाहिलेलंही नाही. बाबांचा उजवा डोळा संध्याकाळी लाल होतो. ते थेंब घालतात आणि म्हणतात, धूळ आहे.

आणि जुनी गिऱ्हाइकं. ते टेकडीवरचे वकील, जे कपडा नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. आले नाहीत. ती शिक्षिका, आली नाही. किल्लीवाला म्हणतो, 'अरे भडक्या, तुझ्या बापाकडे माणूस कशाला यायचा? फाटलंय हे कळू नये म्हणून. तू दारात कॅमेरा लावलास. उद्या मी किल्ली करताना कुणाच्या घराची ते ओरडून सांगू का?'

मी त्याला म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

बाबांचा तो नियम तुला माहीत आहे. फाटलं कसं, हे विचारायचं नाही. सिगारेटचा डाग असो, कुणी ओढून फाडलेली बाही असो, डोळे कपड्यावर, माणसावर नाही. मी लहान असताना एकदा एका बाईला विचारलं, 'हे कशानं झालं?' बाबांनी मला आत नेऊन कपाटाच्या दारात उभं केलं आणि अर्धा तास तिथेच ठेवलं. तेवढी एकच शिक्षा त्यांनी मला आयुष्यात केली.

एका साबणाच्या कंपनीतल्या बाईचा फोन आला होता. कोटाचा व्हिडिओ त्यांना आवडलाय. त्यावर त्यांचं नाव टाकायचं, सहा महिने अकाउंटवर सगळ्यात वर ठेवायचा. त्यात बाबांसाठी चांगला दिवा येईल, भिंगाचा, आणि मागची खोली नीट होईल. पंचवीस तारखेपर्यंत कळवायचंय.

मी अजून काही बोललो नाही.

भडका


१७ नोव्हेंबर, सोमवार

काय आहे तुझं? एक ओळ लिही. शिवी लिही. कोरा कागद पाकिटात घालून पाठव, मी समजेन.

हो, व्हिडिओ अजून आहे. तुला माहीतच असेल. मला ब्लॉक केलंस तरी मैत्रिणीच्या फोनवरून बघत असशील, तुला ओळखतो मी. आहे, काढलेला नाही. का काढू? त्या तीन पोरांनी हसायचं आणि माझ्या बापानं परत इस्त्री पुसत बसायचं? मी हसलो का काकांना? मी तर म्हटलं, बघा, एकवीस भोकं होती, आता एक दाखवा! त्यात काकांचा अपमान कुठे आला? बाबांचं कौतुक होतं ते.

'हा कोट आहे की चाळणी?' हे वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ते माझं चुकलं. ते मान्य. पण त्याशिवाय लोक थांबत नाहीत. बोट वर सरकवतात आणि जातात. त्यांना थांबवायला काहीतरी टोचावं लागतं. तुला नाही कळणार. तुझी नोकरी पगाराची आहे.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. चिडल्यावर मी कसा असतो ते तुला नवीन नाही.

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गेलो होतो आज. काका गॅलरीत कपडे वाळत घालत होते. अंगात नुसता शर्ट. गार वारा होता. कोट दिसला नाही.

मी हाक मारली नाही.


२३ नोव्हेंबर, रविवार

टाचणी,

हे पत्र नीट वाच. आधीची फाडली असशील तरी हे फाडू नकोस. निदान शेवटापर्यंत वाचून मग फाड.

बाबांना कळलं.

बाबांकडे साधा फोन आहे, बटणांचा. मी त्यांना व्हिडिओ दाखवायचो ते निवडून, आणि आवाज बंद करून. कोटाचा दाखवलाच नव्हता. त्यांना वाटायचं, मी नुसते हात आणि सुई दाखवतो. काल दोन पोरं आली, काही फाटलेलं नव्हतं, म्हणाली, 'आजोबा, तो चाळणीवाला कोट आहे का? त्याच्याबरोबर फोटो काढायचाय.' बाबा म्हणाले, 'कसला कोट?' आणि एकानं फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

बाबांनी पूर्ण पाहिला. चष्मा वर करून, परत खाली करून. तुझं बटण आलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. पोरं गेल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. भर दुपारी. मला वाटलं आता कपाटाचं दार.

ते आपल्या जागेवर बसले, हातातलं काम घेतलं, आणि म्हणाले, 'खाली लोकांनी लिहिलंय ना काहीतरी? वाच.'

'सगळं?'

'सगळं.'

'बाबा, चार हजारांच्या वर आहेत.'

'मग? मला कुठे जायचंय?'

मी वाचत गेलो. ते सुई चालवत गेले. 'या हातांना नमस्कार.' सुई चालू. 'माझ्या वडलांचा असाच होता, पत्ता द्या.' बाबा म्हणाले, 'दिलास का?' म्हटलं, दिला. 'काका, माझं लग्न मोडलंय, तेवढं रफू करून मिळेल का?' बाबा हसले गं! खरंच हसले, म्हणाले, 'कापड आणायला सांग.' मला वाटलं, सुटलो. मग आलं, 'एवढी भोकं? अरे त्या मालकाला कुणीतरी नवीन कोट घेऊन द्या रे.' त्याखाली हसणारे चेहरे, रांगेनं, मी वाचून दाखवू कसे? 'पुढे काय लिहिलंय?' बाबांनी विचारलं. मी म्हटलं, 'हसलेत.' 'किती?' मी सांगितलं. सुई थांबली होती. 'गरिबी दाखवून धंदा.' 'उंदरांनी शिवलाय का कोट?' 'याचा मालक बघायला मिळेल का?' मी वगळायला लागलो की त्यांना कळायचं. 'वगळू नकोस,' म्हणायचे. किल्लीवाला मध्येच शटरखालून डोकावला, बाबांचा चेहरा बघून तसाच मागे गेला. तो माणूस चहाचं विचारल्याशिवाय कधी परत जात नाही.

तीन तास वाचलं. घसा बसला. शेवटी बाबा म्हणाले, 'त्या पोरीनं काही लिहिलं नाही? तिच्या बापाचा कोट. तिनं पाहिला असेल ना?'

मी म्हटलं, 'नाही. काही नाही.'

टाचणी, आता ऐक. तुला आधी खोटं लिहिलं. मला तुझा मेसेज दिसला होता. तू तीन फोन केलेस तेही दिसले. मी उचलले नाहीत, कारण फोन उचलला की किती जणांनी पाहिलं तो आकडा बघता येत नव्हता, आणि आकडा चढत होता. तो इतका भराभर कधीच चढला नव्हता. मग तू तिथेच, व्हिडिओखाली, सगळ्यांच्या रांगेत लिहिलंस: 'भडक्या, हा काढ. बुधवारपर्यंत तरी. प्लीज.'

व्हिडिओ टाकून तासही झाला नव्हता. तेव्हा काढला असता तर त्या तीन पोरांपर्यंत पोचलाच नसता.

मी व्हिडिओ काढला नाही. तुझी ओळ काढली. वाटलं, लोक विचारतील, का काढ, कुणाचा आहे. वाटलं, ही उगाच घाबरते, हिला नंतर समजावू. एक बोट दाबलं आणि तू गेलीस. तुला ते दिसलं असणार, आपण लिहिलेलं आता तिथे नाही म्हणून. फोनवरच्या त्या आठ मिनिटांत तू हे एकदाही बोलली नाहीस. मी वाट बघत होतो तू कधी बोलतेस. बोलली असतीस तर मी भांडलो असतो. तू बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हिला कळलं नाही.

आज कळतंय, तू मला ते स्वतःहून सांगायची संधी देत होतीस. आठ मिनिटं.

आणखी एक आहे. सगळंच सांगतो. बाबा रफूला बाहेरचा दोरा वापरत नाहीत, कपड्याच्याच आतल्या पट्टीतून धागे काढतात. काम झाल्यावर उरलेले धागे कागदाच्या पुडीत बांधून कपड्याच्या खिशात ठेवतात, पुढच्या वेळी लागतील म्हणून. काकांच्या कोटाचं करताना ते म्हणाले होते, 'आतली पट्टी संपली याची. अजून ओढलं तर शिवण जाईल. ही पुडी जपून ठेवायला सांग, आता एवढाच आहे.' त्यांनी ती खिशात ठेवली. तुझ्या हातात कोट देण्याआधी मी ती काढून घेतली. तू दुसऱ्या दिवशी जाणार होतीस. तुझ्या घरातलं काहीतरी माझ्याकडे हवं होतं. मूर्खपणा आहे, माहीत आहे. ती माझ्या फोनच्या कव्हरमागे आहे, तेव्हापासून. मी ज्या फोनवर तो आकडा बघत होतो, त्याच्याच पाठीला काकांच्या कोटाचे धागे होते.

यावर काय बोलशील?

भडका


३० नोव्हेंबर, रविवार

टाचणी,

व्हिडिओ काढला. सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, पायरीवर बसून. तुला वाटेल मोठं काही झालं असेल. काही होत नाही. 'नक्की काढायचा?' असं विचारतं. हो म्हटलं की जातो.

आणि जातही नाही. दुपारी किल्लीवाल्यानं मला तोच व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्यातरी अकाउंटवर दाखवला, वर गाणं लावलेलं. संध्याकाळी आणखी दोन. मी त्यांना लिहिलं, काढा. एकानं काढला. एकानं विचारलं, तू कोण? एकानं अजून वाचलेलं नाही. मी रोज लिहितो. तेवढंच करता येतं. जे मी टाकलं ते माझं होतं, आणि जे पसरलं ते कुणाचंच नाही, म्हणून कुणाकडून परत घेताही येत नाही.

साबणवाल्या बाईला नाही सांगितलं. ती चांगली होती, म्हणाली, 'मग दुसरा एखादा कोट?' मी म्हटलं, बघतो. मग परत फोन करून म्हटलं, बघत नाही.

बाबांना तुझ्या त्या ओळीचं सांगितलं. मंगळवारी. मला वाटलं ओरडतील, एकदा तरी ओरडावं असं वाटत होतं. दोन दिवस ते फक्त इस्त्रीशी बोलले. 'ये गं बाई, ताप जरा.' 'बस झालं, निव आता.' मी समोर उभा, आणि बोलणं इस्त्रीशी! आई म्हणाली, 'एकवीस वर्षांनी मला मुलाच्या जागी इस्त्री झाली.' ती असं काहीही बोलते आणि मग स्वतःच डोळे पुसते.

गुरुवारी मी म्हटलं, 'बाबा, अकाउंट बंदच करून टाकतो.' तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

'स्वेटरवाली बाई कुठून आली होती?'

'त्याच्यावरूनच.'

'मग बंद कशाला करतोस? एक टोक नाहीतर दुसरं, मधलं काही येतच नाही तुला. दुकान कुठंय ते सांग ना जगाला. काय फाटलंय ते नको सांगू.'

मग आम्ही बसून ठरवलं. आता त्यावर पत्ता आहे, वेळ आहे, 'दहा दिवस लागतात' असं मोठ्या अक्षरांत आहे. बाबांचे हात आहेत, पण खाली गिऱ्हाइकाचा कपडा नाही. माझी जुनी विजार आहे, मीच कात्रीनं भोक पाडलेली. पहिल्या दिवशी एकोणचाळीस लोकांनी पाहिलं. त्यातला एक किल्लीवाला. त्यानं कमेंट केली, 'विजार कुणाची ते आम्ही ओळखलं.' काय करणार या माणसाला.

पायरीवरची गर्दी ओसरलीये. मला त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी आकडा बघायला बोट जातं. पण काल टेकडीवरचे वकील आले. वर्तमानपत्रातली गुंडाळी. आधी दारातून आत डोकावले, कॅमेरा आहे का बघायला. स्टँड नव्हता. मग आले.

बाबा मला सुई शिकवताहेत. बोटांना नुसत्या जखमा. एक उभा धागा, एक आडवा, वरून, खालून, वरून. मध्ये चिडलो की सगळं उसवतात आणि म्हणतात, 'राग दिसतो यात. परत.'

पुडी द्यायला तुझ्या गल्लीत तीनदा गेलो. तिसऱ्यांदा जिन्यापर्यंत. दिली नाही. काकांसमोर काय तोंड घेऊन उभा राहू हे एक कारण, आणि ते खरं आहे. दुसरं जास्त खरं आहे. ती दिली की तुझं माझ्याकडे काहीच उरत नाही.

लिहिताना लाज वाटतेय. तरी लिहिलं.

भडका


६ डिसेंबर, शनिवार

टाचणी,

हे छोटं आहे.

मंगळवारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. कोण, ते सांगणार नाही. कपडा काय होता, तेही नाही. दारात बराच वेळ उभं होतं, म्हणजे मी आत बोलावीपर्यंत. मी बोलावलं.

बाबांनी कपडा टेबलावर पसरला. खिशापासून खाली, हातभर. असं आपोआप फाटत नाही, कुणीतरी रागानं अंगातून ओढून काढल्याशिवाय. बाबांनी विचारलं नाही. मीही नाही. माझे डोळे कपड्यावर होते, टाचणी. माणसाच्या चपलांपर्यंत गेले, त्याच्या वर नाही.

'कधी हवंय?' बाबांनी विचारलं.

'शुक्रवारी सकाळी. जमेल?'

बाबा दहा दिवसांखाली हो म्हणत नाहीत, तुला ठाऊक आहे. त्यांनी आतली पट्टी उलटून पाहिली, अंगठा फिरवला. 'जमेल. पण धागा लागेल. पुडी दिली होती बरोबर, ती आणलीत का?'

'या वेळी खिशात नव्हती. हरवली असेल.'

किल्लीवाल्याची कानस तेवढी शेजारी खरखरत होती. मी फोन काढला, कव्हर नखानं उचकटलं, आणि पुडी टेबलावर ठेवली. कागद माझ्या घामानं मऊ पडला होता. बाबांनी ती उघडली, धागे उजेडात धरले, आणि एवढंच म्हणाले, 'पुरतील.' माझ्याकडे पाहिलं नाही. गिऱ्हाइकानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणालं, 'म्हणजे हरवली नव्हती तर.'

मी म्हटलं, 'नाही काका. माझ्याकडे होती. आणि त्या व्हिडिओखाली...'

'माहीत आहे मला,' ते म्हणाले. 'बस. काम कर.'

काका म्हणालो म्हणून अंदाज बांधू नकोस. मी सगळ्यांनाच काका म्हणतो.

तीन दिवस बाबा दुसऱ्या कशाला शिवले नाहीत. शेवटचे सात आडवे धागे त्यांनी मला घालू दिले. पाच उसवले, दोन ठेवले. काल सकाळी गिऱ्हाईक आलं, कपडा अंगात घातला, खिशापाशी हात फिरवला. परत फिरवला. चष्मा लावून पाहिलं.

'कुठे होतं?' त्यांनी विचारलं.

'काय?' बाबा म्हणाले.

गिऱ्हाईक हसलं. हे हसणं तुला चाललं असतं.

कुठे जायचं होतं, तिथे काय झालं, मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. तुला कळलं तर मला सांगू नकोस. ज्याचं त्यानं सांगावं.

पुढचं सांगतो, कारण ते फाटण्याबद्दल नाही, मग नियमात येत नाही. त्या कपड्याचं एक बटण सैल झालंय. बाबा म्हणाले, 'थांबा, दोन टाके घालून देतो.' गिऱ्हाइकानं बटणावर हात ठेवला आणि म्हणालं, 'ते नको. जिनं लावलंय तीच लावेल. सुटीत येणार आहे म्हणाली होती, अजून काही कळवलं नाही.'

माझ्या फोनच्या कव्हरमागे आता काही नाही.

बटण एका दोऱ्यावर लोंबतंय, टाचणी.

भडका